मार्थाबाईंचा सिनेमा आणि कुशाबाईचा कौल

आमच्या हिला, म्हणजे मार्थाला, हुकूम सोडायची सवय लग्नाआधीपासूनची. शिरूरच्या मिशनच्या शाळेत ती मास्तरीण आणि मी, बन्यामीन, चित्रकलेचा मास्तर. नाताळचं नाटक दरवर्षी तीच बसवायची. मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी, देवदूत, सगळे तिच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर हलायचे. एका वर्षी गोठ्याच्या देखाव्यात खरी शेळी आणली होती, तीसुद्धा शेवटपर्यंत गप्प उभी राहिली. म्हणून अठ्ठावन्न साली मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी किल्लीचा जुना सिनेमा कॅमेरा तिच्या हातात ठेवला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. तिलाही वाटलं नाही. सुरुवात कधी करायची, एवढंच तिनं विचारलं.

काम असं होतं. न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीत पायऱ्यांची बारव होती. उन्हाळा आला की निम्म्या वस्तीच्या पायांतून नारू निघायचा. दोऱ्यासारखा लांब किडा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा. दुखऱ्या पायानं माणूस पाण्यात उतरला की त्याची पिल्लं पाण्यात जायची, तेच पाणी सगळे प्यायचे आणि वर्षानं पुन्हा नारू. उपाय सोपा होता. पायऱ्या बुजवायच्या, वर चाक बसवायचं आणि पोहऱ्यानं पाणी शेंदायचं. डॉक्टर सांगून सांगून थकले. वस्तीचे पुढारी बापूसाहेब सगळं ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "खालच्या पायरीवर साती आसरा हायेत. पायऱ्या बुजवल्या तर बायांनी वटी भरायची कुठं? कुशाबाई व्हय म्हनली तर माझी ना न्हाई."

कुशाबाई म्हणजे आसरांची, पाण्यातल्या त्या सात देवींची, पूजा करणारी म्हातारी. तिच्या स्वतःच्या नडगीला दर उन्हाळ्यात चिंधी बांधलेली असे, तरी ती हो म्हणत नव्हती. सिनेमा दाखवून तिच्याकडून हो वदवून घ्यायचं, ही मार्थाची कामगिरी.

आता सिनेमा शिकायचा कुणाकडून? दौंडला स्टेशनाजवळ हौसरावांचा फोटो स्टुडिओ होता. ते तरुणपणी कोल्हापूरला एका सिनेमा कंपनीत कॅमेरा खात्यात होते. शनिवारची शाळा सुटली की आम्ही एस.टी.नं दौंड गाठायचो. हौसराव तोंडाचे फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, नाटकात माणूस एका खुर्चीला खिळलेला असतो. सिनेमात तुम्ही त्याला उचलून न्यायचं. झाडावर बसवा, नाहीतर चुलीपाशी बसवा. पण तिथंच का बसवलं, हे तुम्हाला ठाऊक पाहिजे."

"आणि नसलं तर?"

"तर तो शिट्ट्या मारतो."

त्यांनी तिला शिकवलं ते असं. बाई उजवीकडे चालत बारवेकडे निघाली, तर पुढच्या तुकड्यातही ती उजवीकडेच चालली पाहिजे, नाहीतर लोकांना वाटेल घागर विसरली म्हणून घरी परतली. दुखणं दाखवायचं तर जवळ जायचं, गाव दाखवायचं तर लांब. आणि दोन तुकडे जोडले की मधलं जे नाही ते लोक आपल्या मनानं भरून घेतात, खरी गंमत त्या जोडात. मार्था प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची आणि घरी येऊन तीच गोष्ट मला आपलीच असल्यासारखी शिकवायची.

पहिला सिनेमा तिनं झपाट्यानं काढला. पायाला चिंधी बांधलेली बाई घागर घेऊन बारवेत उतरते, पाण्यात उभी राहते, घागर भरते, वर येते. आम्ही ख्रिस्ती लोकांनी त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, हे न बोलताच ठरलेलं होतं, म्हणून सगळं काठावरून टिपलं. फिल्म मुंबईहून धुऊन आली, हौसरावांनी जोडून दिली आणि दवाखान्याच्या जीपवर जनरेटर चढवून आम्ही दिवेलागणीला वस्तीवर गेलो.

पडद्यावर बारव दिसली मात्र, बाया उठून उभ्या राहिल्या. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, उन्हात, शेंदूर लावलेले सात दगड दिसत होते. आम्हा दोघांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. कुशाबाईनं पुढं होऊन पडद्याला हळदकुंकू वाहिलं. "आसरा दर्शनाला वर आल्या गं!" असा एकच गलका झाला. दुखऱ्या पायाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बापूसाहेब खूश होऊन म्हणाले, "बाई, लई झ्याक! पायऱ्यांना आता चुनाच मारून घेतो."

परतताना मार्थानं जीपमध्ये एकही हुकूम सोडला नाही. आमच्या संसारात असं क्वचितच घडतं.

शनिवारी हौसरावांनी ऐकलं आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाई, चौकटीत जे आलं ते बोलतं. तुम्ही बोलावलं नसलं तरी बोलतं."

मार्था आधी फणफणली, मग म्हणाली, "ठीक आहे. मग आसरांनाच बोलू दे."

ती सरळ कुशाबाईकडे गेली आणि पायऱ्या बुजवायच्या का ते सांगा, म्हणाली. म्हातारी म्हणाली, "मी कोन सांगनार? कौल लावते. आसरा सांगतील." तिची रीत अशी, की मधल्या दगडाला दोन्ही बाजूंनी ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मार्थानं विचारलं, कॅमेरा आणू का? "आन की. पन वरनं तुला काय दिसनार? खाली ये." हे ऐकून बापूसाहेबांनी पटका काढून पुन्हा बांधला आणि ते दुसरीकडे बघत राहिले. आमच्या चर्चमध्येही काहींनी नाकं मुरडली. मार्थानं दोन्हीकडे लक्ष दिलं नाही.

हौसरावांनी मात्र वेगळाच सल्ला दिला. "फूल कुठलं पडेल, कधी पडेल, काय भरवसा? फिल्म एकच शिल्लक. एका तुकड्यात दोन्ही फुलं चिकटलेली घ्या, दुसऱ्यात उजवं पडलेलं घ्या. जोड मी मारतो. कोण विचारतोय?"

मला ते पटलं होतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मार्था माझ्यावर उसळली. "नाटकात कुणी आपल्या प्रभूच्या तोंडी भलतंच वाक्य घातलं तर चालेल का तुम्हाला? दुसऱ्याच्या देवाचं उत्तर मी कात्रीनं काढणार नाही."

कौलाच्या दिवशी ती पायऱ्या उतरून अगदी पाण्यापर्यंत गेली. वर सगळी वस्ती जमली होती. कुशाबाईनं फुलं चिकटवली, हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, "आयांनो, पायऱ्या बुजवू का?" कॅमेरा घरघरत होता. बराच वेळ काही हललं नाही. मग डावं फूल पडलं.

वरून सुस्कारा ऐकू आला. बाजूच्या पायरीवरून मी मार्थाला हातानं खुणावत होतो, थांबव, थांबव. तिनं थांबवलं नाही. ती कुशाबाईचा चेहरा टिपत राहिली आणि फिल्म संपली. झालं, मी मनात म्हटलं, आता नकार कायमचा नोंदला गेला. मला खरोखर रडू येत होतं.

कुशाबाई मात्र कपाळावर हात मारून हसली. "मीच येडी! घरातल्या म्हाताऱ्या मानसाला निघ म्हनलं तर ते व्हय म्हनल का?" तिनं नवी फुलं घेतली, दगडाला प्रेमानं पाणी लावलं आणि हळूच विचारलं, "आयांनो, वर येता का? वर घर बांधून देते."

उजवं फूल पडलं. मार्थाच्या मांडीवर कॅमेरा रिकामाच होता.

त्या दिवशी घरी येताना ती म्हणाली, "अहो, मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले. विचारलं कुणालाच नाही." मी कॅमेरा तिच्या हातातून घेतला.

आसरांना वाजतगाजत काठावर आणलं, पायऱ्या बुजवल्या, चाक बसलं. डॉक्टरांनी आणखी थोडी फिल्म मिळवून दिली, तिच्यावर हे सगळं टिपलं. हौसरावांनी पुन्हा आग्रह धरला, की होकाराचं फूल आता घेऊन टाका. मार्था म्हणाली, "तिथं कोरी पट्टी जोडा. पडदा पांढरा दिसू दे."

"लोक म्हणतील मशीन बिघडलं."

"म्हणू देत."

पहिल्या उन्हाळ्यात थोडे नारू निघालेच आणि बापूसाहेबांचं तोंड उतरलं. डॉक्टर म्हणाले, हे आदल्या वर्षीच्या पाण्याचे. दुसऱ्या उन्हाळ्यात वस्तीत एकाच्याही पायातून नारू निघाला नाही. तेव्हा राहू गावच्या लोकांनी सिनेमा पाहायला मागितला, कारण त्यांच्याही बारवेत आसरा होत्या आणि त्यांनाही हाच पेच होता. कुशाबाई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आली.

राहूला सिनेमात नकाराचं फूल पडलं, पडदा पांढरा झाला, मग मिरवणूक दिसली आणि सिनेमा संपला. लगेच एक जण ताडकन उठला. "डावा कौल दिल्ता, मग देव वर आलं कसं? ह्यांनी देवाला फसवलंय! आमच्या बारवेला हात लावू देनार न्हाई!" लोक उठायला लागले. सगळं हातचं जाणार असं दिसलं आणि मी मशीनचा दिवा बंद करायला हात नेला.

मार्थानं माझं मनगट धरलं. "दिवा राहू द्या." कुशाबाई काठी टेकत पडद्याकडे निघाली होती. ती कडेला अंधारातच थांबली. मार्थानं तिला कधी नव्हे त्या मऊ आवाजात विचारलं, "आत्या, जरा उजेडात येता का?"

कुशाबाई पांढऱ्या उजेडात उभी राहिली. "पडदा पांढरा झाला, तितं त्या पेटीतलं सपलं हुतं," ती म्हणाली. "मी सपले नव्हते. मग वर येता का, असं इचारलं, तवाचा उजवा कौल मी ह्या डोळ्यांनी बघितलाय." मग तिनं लुगडं नडगीच्या वर धरलं. जुने व्रण एकाखाली एक दिसत होते, आणि नवा एकही नव्हता. "ह्यो सालोसालचा नारू. औंदा काय हाय का, बघा."

उठलेले लोक उभेच राहिले. मग बायांच्या बाजूनं एक आवाज आला.

"आजे, आमच्या आसरांना कसं इचारायचं, तेवढं सांगून जा."