रोसाच्या भावासाठी कालचा भात

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझा गोडा मसाला हुंगून पाहिला, सणसणीत शिंकला आणि मला सोडून दिलं. अमेरिकेत माझं स्वागत झालं ते असं. शहाऐंशीचा उन्हाळा होता. नाशिकच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली मी, माझ्या भाचीकडे, मृणालकडे, सनीव्हेलला राहायला आले होते.

सनीव्हेल म्हणजे रुंद रस्ते, दुमजली अपार्टमेंटं आणि फुटपाथवर चिटपाखरू नाही. मृणाल चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. सकाळी ती गाडी काढून गेली की घरात मी आणि फ्रीजची घरघर. मला बोलायला कुणी नसलं की जीव गुदमरतो. शेवटी एका दुपारी कांदा परतल्याच्या वासाचा माग काढत मी शेजारचं दार ठोठावलं.

दार रोसाने उघडलं. निकाराग्वाची, चाळिशीची, इंग्रजी माझ्यासारखंच अडखळत बोलणारी. तिने मला थेट ओट्यापाशी नेलं. तव्यात भात आणि बारीक लाल घेवडा (राजम्याचं धाकटं भावंड म्हणा ना). नाव विचारलं तर म्हणे गाय्यो पिंतो (ठिपकेवाला कोंबडा). मी शाकाहारी, झटकन मागे सरले.

"कोंबडा नाही हो यात, नुसता रंग तसा," म्हणत ती हसत सुटली.

मोहरी नाही, हळद नाही, मिरचीसुद्धा नाही, तरी चव अशी की मी मागून घेतलं. ही चव येते कुठून, ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. मग रोजच तिच्याकडे जायला लागले.

पुढच्या आठवड्यात रोसा जिन्यावरून पडली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पण ती रडत होती दुसऱ्याच कारणाने. तिचा भाऊ उंबेर्तो शनिवारी येणार होता. त्यांच्या देशात लढाई चालली होती. रोसा तिथून निघाल्यापासून दोघांची भेट नव्हती, आणि मधल्या काळात आई गेली तेव्हाही तिला जाता आलं नव्हतं.

"आई करायची तसं त्याच्यापुढे ठेवायचं होतं," ती म्हणाली.

"अगं, मी करते की! तू नुसतं सांग," मी छातीठोकपणे म्हटलं.

शुक्रवारी मृणालच्या स्वयंपाकघरात रोसाच्या देखरेखीखाली लसूण घालून घेवडा शिजवला, त्याचं लाल पाणी राखून ठेवलं. भातही करून गार केला. "उद्या हाच भात घ्यायचा," असं बजावून ती गेली.

शनिवारी सकाळी मृणाल रोसाला घेऊन विमानतळावर गेली. मी फ्रीज उघडला आणि माझा हात अडला. इतक्या वर्षांनी, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला शिळा भात? आमच्याकडे शिळा भात घरच्यांनी फोडणी देऊन खायचा, पाहुण्याच्या पानात वाफाळता. मला त्या दिवशी दगदग नको म्हणून रोसा तसं म्हणाली असेल, असं मीच ठरवून टाकलं. ताजा भात लावला. कालच्यातल्या अर्ध्याला हळद-मोहरीची फोडणी देऊन आम्हा बायकांसाठी ठेवला. ताजा भात कांद्यावर घेवड्यासोबत टाकला, आणि बघता बघता त्याचा पार लगदा झाला.

तेवढ्यात तिघं आत आली. उंबेर्तो उंच, ओढलेल्या चेहऱ्याचा, हातात एकच पिशवी. रोसाने तव्यात डोकावलं.

"कालचा भात कुठे आहे?"

"पाहुण्याला शिळा कसा वाढायचा?" मी म्हटलं.

"पाहुणा?" तिचा आवाज चिरकला. "ताजा भात आमच्याकडेही पाहुण्यांनाच असतो. आम्हा पोरांना आई चुलीपाशी बसवून कालचाच द्यायची. तो माझा भाऊ आहे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, थोडा प्लेन राइस उरलाय ना? तो यूज कर, क्विक!" मृणालने डबा पुढे केला.

पुन्हा कांदा परतला. गार, मोकळा भात घातला, वर घेवडा आणि त्याचं लाल पाणी. रोसा शेजारी उभी राहून सांगत होती, "आता ढवळू नका. पिऊ दे त्याला." आणि खरंच, कोरड्या शिताशिताने ते पाणी पिऊन घेतलं. मी इतके दिवस शोधत होते ती चव ही होती! भरली मात्र एकच ताटली.

उंबेर्तो खाली मान घालून खात राहिला. मग तो त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि रोसा एकदम हसायला आणि रडायला लागली.

"म्हणतोय, खाली जरा लागू द्यायचा. आई लागू द्यायची."

लगदा आणि फोडणीचा भात आम्ही तिघींनी संपवला.

मी नाशिकला निघायच्या सकाळी रोसाने मला बोलावलं. तिचा हात अजून गळ्यातच होता. स्वयंपाक उंबेर्तोने केला होता, आणि भात खाली छान लागला होता.

"कालचाच आहे हं," रोसा म्हणाली. मी दोनदा मागून घेतला.

नाशिकला आल्यावर सगळे विचारत, अमेरिकेत काय पाहिलं? समुद्र, लाल पूल, दुकानं, सगळं सांगितलं. पण तिथे एका घरी मला शिळा भात वाढला, हे मी ज्याला त्याला, न विचारता, मोठ्या तोऱ्यात ऐकवत होते.