एडनाचे पासष्ट पॉइंट

शारजात संध्याकाळचे सहा वाजले की ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत रात्रीचे बारा वाजतात. एडना तुस्कानोला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हे सांगितलं असतं. पंधरवड्यातून एकदा, मंगळवारी सहाच्या ठोक्याला, तिकडचा सरकारी कॉम्प्युटर परदेशी कामगारांच्या रांगा लावायचा आणि वरून माणसं उचलायचा. त्याला राउंड म्हणत. वयाचे पॉइंट, डिग्रीचे, अनुभवाचे, इंग्रजीचे. ज्याचे जास्त तो पुढे, आणि पॉइंट सारखे असले तर ज्याचं नाव आधी लागलं तो पुढे. बोलावणं आलं तरच व्हिसाचा अर्ज करायचा. नाही आलं तर बसा पुढच्या राउंडची वाट बघत.

२०१६च्या ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी मात्र वाट बघायला पुढचा राउंडच नव्हता. एडनाचा नवरा वॉल्टर शनिवारी चाळीस पूर्ण करणार होता. एकोणचाळीसपर्यंत वयाचे पंचवीस पॉइंट, चाळिसाव्या वाढदिवसाला पंधरा. म्हणजे पासष्टचे झाले पंचावन्न, आणि साठच्या खाली रांगेत उभंसुद्धा करत नाहीत. त्यात वॉल्टर अकाउंटंट, आणि अकाउंटंट लोकांची रांग ही लांब! मागच्या राउंडला पासष्टवाल्यांतले नऊ एप्रिलपर्यंतचे घेतले होते. वॉल्टरचं नाव लागलं होतं अठरा एप्रिलला. नऊ दिवस! आज रांग नऊ दिवस सरकली की सुटले!

कशातून सुटले, ते वसईतल्या सासूबाईंना काही केल्या पटत नसे. "चांगलं चाललंय ना रे तुमचं? अजून कुठं मरायला जाता?" असं त्या फोनवर विचारत. पण एडनानं २००९ बघितलं होतं. क्रॅशमध्ये बांधकामं ठप्प झाली आणि वॉल्टरच्या तेव्हाच्या कंपनीनं एका गुरुवारी अर्धं ऑफिस घरी पाठवलं. वॉल्टरचा व्हिसा खलास, म्हणजे त्याच्या व्हिसावरची बायको आणि मुलगी ट्रेसीही खलास. एडनाची क्लिनिकमधली नर्सची नोकरी शाबूत होती, पण तेवढ्या पगारावर नवऱ्याला स्पॉन्सर करता येत नव्हतं. देश सोडायला मिळालेल्या तीस दिवसांत सोफा, फ्रिज, ट्रेसीची सायकल, सगळं मिळेल त्या भावात फुंकून त्यांनी वसई गाठली. एडना तिथल्या इस्पितळात लागली. दोन वर्षांनी परत आले. आता घर शारजातच अल मजाजला, वॉल्टर दुबईकडे जबल अलीच्या एका गोदामवाल्या कंपनीत, आणि तेलाचे भाव उतरल्यापासून तिथेही रोज कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायला लागलं होतं. एडनाच्या जिवाला घोर होता तो याचा.

दुबईत ऊद मेथाच्या व्हिसा कन्सल्टंटनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मेन अॅप्लिकंट कोण?" म्हणजे पॉइंट कुणाचे मोजायचे; बाकीचं कुटुंब त्याच्या मागून जातं. वॉल्टरनं उत्तरही न देता पेन उचललं. यात माज नव्हता हां त्याचा. गल्फमधल्या माणसाला ती सवयच लागते. घराचं अॅग्रीमेंट नवऱ्याच्या नावावर, शाळेचा फॉर्म नवऱ्याच्या नावावर, बायकोच्या पासपोर्टातल्या व्हिसावरसुद्धा स्पॉन्सर नवरा. एडनाच्या व्हिसात लिहिलं होतं 'हाऊसवाइफ', आणि ही बाई दिवसाचे आठ तास लोकांच्या नसा शोधत उभी! तिलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

डोळे उघडले ते शहरबानूनं. हैदराबादची, एडनाबरोबरच क्लिनिकमध्ये नर्स. एप्रिलअखेर चहा पिताना तिनं विचारलं, "कितने पॉइंट हुए तेरे?"

"वॉल्टर के पैंसठ."

"उसके नक्को, तेरे बोल!"

दोघींनी ग्लव्हजच्या खोक्यावर मांडलं. वय छत्तीस, पंचवीस. बीएससी नर्सिंग, पंधरा. वसईचं इस्पितळ धरून आठ वर्षांच्या वर अनुभव, पंधरा. इंग्रजीची परीक्षा तिनं वॉल्टरला सोबत म्हणून दिली होती, त्यातले दहा. पासष्ट! आणि नर्स लोकांना तर साठवरच बोलावत होते, रांगबिंग काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

त्याच संध्याकाळी ती सांगणार होती. पण वॉल्टर आला तो अजून दहा पॉइंट मिळावेत म्हणून पुन्हा दिलेल्या इंग्रजीच्या परीक्षेचा तिसरा निकाल घेऊन. लिहिण्याच्या पेपरात पुन्हा अर्ध्या मार्कानं हुकलेला. तो जेवलाच नाही. अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाबा, तुझी गरजच नव्हती? मग उद्या सांगू, परवा सांगू करत चार महिने गेले. तेवढ्या वेळात तिनं गुपचूप अनुभवाची पत्रं जमवली, तिकडच्या लोकांकडून आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाची तपासणी करून घेतली, आणि मागच्या शुक्रवारी स्वतःचं नावही लावून टाकलं.

सहा वाजले. एडनानं लॅपटॉप पुढे ओढला. आधी वॉल्टरचं खातं उघडलं. काही नाही. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, काही नाही. मग स्वतःचं उघडलं.

'इन्व्हाइटेड.'

तिला आनंद झाला, आणि लगेच वाटलं, आता वॉल्टरला सांगायचं कसं? एवढ्यात वॉल्टरचा फोन. कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती. "आलं का गं?"

"सर्व्हर स्लो आहे," ती धडधडीत खोटं बोलली.

सातला तो आला आणि बूट न काढताच लॅपटॉपसमोर बसला. स्वतःचं खातं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तोंडावरून हात फिरवला. "गेलं," म्हणाला. एडनानं स्क्रीनवरची दुसरी खिडकी पुढे केली. त्यानं नाव वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"कधीपासून?"

"एप्रिल."

"चार महिने मी पागलासारखा दिवस मोजतोय आणि तू मजा बघत बसलीस?"

"मजा?" एडनाचाही आवाज चढला. "अरे, बघवत नव्हतं मला! म्हणून केलं. पुन्हा तीस दिवसांत घर मोडायची ताकद नाही माझ्यात, वॉल्टर."

त्यानं स्क्रीनवरचं तिचं नाव पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाला, "आणि आज माझं आलं असतं तर?"

"तर हे मी मरेपर्यंत तुला सांगितलं नसतं."

मग मात्र वॉल्टरला राहवलं नाही. चाळिशीला टेकलेला बाप्या, लॅपटॉपवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. ट्रेसी दारात येऊन उभी राहिली. गेले महिनाभर या घरात दुसरा विषयच नव्हता, आजच्या राउंडचं तिलाही ठाऊक होतं. "मम्मा, व्हॉट हॅपन्ड? आर वी नॉट गोइंग?"

एडना बोलायच्या आधी वॉल्टरनंच डोळे पुसले.

"जातोय ना," तो म्हणाला. "मम्मी नेतेय आपल्याला."