काचेवरचा ‘हा’

काचकाकांनी तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली होती. काच दिसली की तोंडाने ‘हा’ करायचं आणि पुसायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. उतारवयात ते लेसरच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसायला लागले. तिथे मात्र काचेवर श्वास टाकणं म्हणजे महापाप; श्वासाचा डाग राहिला तर लेसरने तिथेच काच जळते! तरी मंगळवारी, सवयीच्या भरात, मोठ्या भिंगावर त्यांनी ‘हा’ केलाच. बुधवारी त्याच भिंगावर जळका डाग दिसला.

दोन दिवस काकांना घास गिळवेना. शुक्रवारी ते प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

“मॅडम, भिंग माझ्यामुळे जळलं. मी ‘हा’ केला होता.”

“कुठल्या बाजूने?”

“बाहेरून. आतली बाजू तर बंद पेटीत असते.”

“डाग आतल्या बाजूला आहे, काका. पेटीतला वायू लेसरने इतका तापतो की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. तो प्लाझ्मा. जबरदस्त प्रकाश त्यात स्वतःच लाटा उठवतो, त्यांच्यावर आपटून आल्या वाटेने मागे फिरतो. फिरला की लाटा आणखी वाढतात, आणखी प्रकाश फिरतो. त्यानेच भिंग जाळलं.”

काकांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला.

“म्हणजे तो मेला प्रकाशच लाटा उठवणार, आपटणार तोच, आणि काळीज जळायचं माझं?”

मॅडम खो-खो हसल्या. हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत त्यांनी आपला चष्मा काढून पुढे केला.

“घ्या. इथे करा.”

काकांनी दोन दिवस कोंडलेला श्वास त्या काचांवर सोडला.