डाव्या बाजूचं भगदाड

कोल्हापुरात मी पेठेच्या फुटबॉल संघातून डावा बॅक खेळायचो. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेऊन नाचतात, गोल अडवणाऱ्याला चहासुद्धा कुणी विचारत नाही. तरी मला तेच आवडलं, त्याला काय करणार? पुढं सौदी अरेबियातल्या हाइल शहरात एका छोट्या कॉलेजात बचाव फळी शिकवायची नोकरी लागली. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा भलताच लिहिलेला, पण मैदानात पोरं मला कॅप्टन म्हणायची. तिकडं प्रशिक्षकाला तसंच म्हणतात.

बायको आणि लेक कोल्हापुरातच राहिल्या. त्यांना आणता येईल असा माझा हुद्दाच नव्हता. कॉलेजच्या आवारात मला एक खोली होती. शुक्रवार सगळ्यात वाईट जायचा. मैदान बंद, दुकानं दुपारपर्यंत बंद, बोलायला कुत्रं नाही. भांडी घासता घासता मी जुन्या मॅचचं समालोचन करायचो आणि चुकलेल्या बॅकला मोठ्यानं शिव्या घालायचो. हसू नका, वर्षानुवर्षं एकटं राहून बघा.

मग परक्यांच्या नोकऱ्या सौदी माणसांना द्यायचं सौदीकरण आमच्या कॉलेजापर्यंत आलं. मुदीरनं, म्हणजे आमच्या संचालकानं, मला बोलावून घेतलं. माझी जागा आता तिथल्याच एका क्रीडाशिक्षकाला द्यायची होती आणि त्याला तयार मीच करायचं होतं. हंगामाची शेवटची मॅच तो सांभाळेल. जमलं तर ठीक, नाहीतर मला अजून एक वर्ष ठेवायची परवानगी मागू, असं मुदीर म्हणाला.

मला ते वर्ष हवं होतं. गावी पन्नाशीतल्या बॅकला कोण विचारतंय? इथं एकटा होतो, पण निदान कामाचा होतो.

तो क्रीडाशिक्षक तिशीचा, अदबीनं वागणारा. त्याच्यावर चिडायलाही काही निमित्त सापडेना, याचाच मला जास्त राग यायचा. माझी शिकवायची एक पद्धत होती. चार बॅकच्या कमरेला एकच लांब दोर बांधायचा. एक सरकला की बाकीच्यांना सरकावंच लागतं. दोर बघून तो म्हणाला, "कॅप्टन, ही काय जनावरं आहेत?" म्हटलं, "तूही बांध, मग कळेल." त्यानं खरंच बांधून घेतला आणि दोनदा तोंडावर आपटला. महिन्याभरात तो दोराशिवाय फळी हलवायला लागला. शिकवायचं म्हटल्यावर हातचं राखून शिकवणं मला जमत नाही. खोड आहे ती.

शेवटची मॅच असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर सुरू झाली. रेषेजवळ उभं राहून सूचना द्यायची मुभा एका वेळी एकालाच असते. त्या दिवशी तो उभा आणि मी मागं बाकावर. मुदीर माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही एका गोलनं पुढं होतो, वेळ संपत आली होती. तेवढ्यात आमचा डावा बॅक गोलच्या हावेनं पुढं पळाला आणि मागं हे एवढं भगदाड पडलं. त्यांचा विंगर तिकडं सरकताना मला दिसला. जन्मभर मी तीच जागा राखली, मला दिसणार नाही तर कुणाला?

एक हाक मारली असती तर मधला बॅक तिकडं गेला असता. हाक ओठापर्यंत आली आणि मी ती गिळली. होऊ दे गोल, म्हटलं. मिळू दे मला एक वर्ष.

पण तो ओरडला. मधला बॅक धावला आणि बॉल रेषेबाहेर गेला. आम्ही जिंकलो.

शिट्टी झाल्यावर तो पळत आला आणि माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. थोरामोठ्यांना ते तसा मान देतात. मुदीरसमोर म्हणाला, "ती मोकळी जागा दिसली तेव्हा मी आधी कॅप्टनकडं वळून बघितलं. ते शांत बसले होते. म्हटलं, यांचा माझ्यावर एवढा भरवसा आहे, तर आता मीच ओरडलं पाहिजे."

मुदीरनं माझी पाठ थोपटली. मी मान खाली घालून बुटाची नाडी सोडत बसलो.

रात्री घरी फोन करून सांगितलं, परत येतोय. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या हातून चांगला माणूस तयार झाला, यात वाईट वाटून काय घ्यायचं?" मी हूं म्हणालो. खरं काय ते तिलाही सांगवलं नाही.