बत्तिसावा होमरन

हार्लन गोफोर्थ आणि ड्यूई स्क्रग्ज एकाच कापड गिरणीच्या चाळीत वाढले. दोघंही बेसबॉल खेळत, पण वेगवेगळ्या गावांच्या संघांकडून. हार्लन चेंडू टाकायचा, ड्यूई बॅटनं तो कुंपणापार टोलवायचा.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, दोघांचे संघ समोरासमोर आले. होमरनच्या, म्हणजे कुंपणापार टोलवलेल्या चेंडूंच्या, यादीत ड्यूई एकतीसवर होता. दुसऱ्या गावचा एकजण तेवढ्यावरच, आणि त्याचे सामने संपलेले.

सामन्याआधी नळावर तोंड धुता धुता ड्यूई म्हणाला, "एक सरळ दे रे आज. मधोमध."

"का? आंधळा झालास?"

"मस्करी नाही, लेका. यादीत पहिला आलो तर मोठ्या संघांचे लोक बघतील तरी."

हार्लन नुसता हसला. नऊपैकी आठव्या डावात त्याचा संघ सात धावांनी मागे होता. त्यानं ड्यूईला एक चेंडू टाकला, संथ, सरळ, मधोमध. तो कुंपणापलीकडच्या पीचच्या फळझाडांत गेला. पळता पळता ड्यूईनं टोपी उचलली. कुणालाच काही कळलं नाही.

यादीत तो पहिला आला. वसंतात मोठ्या शहरातल्या संघानं त्याला बोलावलं. मे महिन्यात तिथं एक वेगवान चेंडू त्याच्या कानशिलावर बसला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

हार्लननं पुन्हा चेंडू हातात धरला नाही. तो गिरणीत मागावर लागला. पण सफरचंद उचललं तरी बोटं आपोआप चेंडू धरल्यासारखी वळायची. मग तो ते खाली ठेवायचा. दुपारच्या सुट्टीत फाटकापाशी कधी कधी ड्यूई उभा दिसे, टोपी उचललेला. हार्लन मान वळवून घ्यायचा. ड्यूईची बायको मेव्हिस समोरून आली की तो रस्ता ओलांडायचा.

अकरा वर्षांनी एका रविवारी, चर्च सुटल्यावर, तो तिच्या पडवीत जाऊन उभा राहिला. ती शेंगा सोलत होती.

"मेव्हिस, तो बत्तिसावा... मी मुद्दाम दिला होता. दिला नसता तर तो इथंच असता."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे मला. त्याच दिवशी जेवताना सांगितलंन त्यानं. म्हणाला, इतका सोपा होता की चुकणारच होतो."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. त्या चेंडूचा नाही. त्याच्या लहानपणचं सांगायला तू एकटाच उरला होतास, आणि तू मला बघून रस्ता ओलांडत होतास!"

हार्लन पायरीवर बसला. ऊन कलेपर्यंत तो चाळीतल्या गोष्टी सांगत राहिला. मेव्हिस दोनदा हसली, एकदा आत जाऊन डोळे धुऊन आली.

पुढं दर मे महिन्यात ती त्याला घेऊन दफनभूमीत जाई. ड्यूईच्या थडग्यावर फुलं मेव्हिसच ठेवायची. हार्लन वीसेक पावलं लांब, चेंडू टाकताना असायचा तेवढ्या अंतरावर, उभा राहायचा.

"जवळ ये की, अरे."

"नको," तो म्हणायचा. "इथूनच बरं आहे."