केसभर सैल

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथं पेशंट कधी येत नाहीत, तिथं ताईनं चव्वेचाळीस वर्षं कवळ्या केल्या. फळीवर ओळीनं मांडलेले प्लॅस्टरचे जबडे, टेबलावर गुलाबी मेण, शेजारी स्पिरिटचा दिवा आणि सगळ्यावर पांढरी धूळ. तिच्या भुवयांवरसुद्धा. "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं," असं ती म्हणायची, आणि त्यात फारशी थाप नव्हती.

तिचा धाकटा भाऊ जादूगार. पाटीवर 'प्रोफेसर' लिहिलेलं, म्हणून घरातही सगळे त्याला प्रोफेसरच म्हणत. शाळा त्यानं नववीत सोडली होती, ती गोष्ट वेगळी. त्याचा हुकमी खेळ नाण्यांचा. रिकाम्या पंजातून एकामागून एक चार नाणी निघायची आणि तशीच विरून जायची. त्यातलं एक नाणं मुळात नाणं नव्हतंच, ते होतं टोपण. वरून अस्सल, आतून पोकळ, कडा कागदासारखी पातळ. खऱ्या नाण्यावर चपखल बसलं की दोनाचं एक दिसायचं, अंगठ्यानं सरकवलं की एकाची दोन व्हायची.

तरुणपणी एकदा प्रोफेसर त्या टोपणावर बसला. अक्षरशः बसला. दुसऱ्या दिवशी प्रयोग, आणि हा दवाखान्याच्या मागच्या दारात तोंड पाडून उभा. ताईनं लाकडाची एक खुंटी मापात तासली, टोपण तिच्यावर चढवलं आणि चमच्याच्या पाठीनं हळूहळू चोळत पोचा काढला. मग म्हणाली, "आजपासून ही नाणी माझ्या ताब्यात. तुला प्रयोगापुरती मिळतील."

चष्म्याच्या एका जुन्या घराला तिनं आतून मखमल लावली, कप्पे शिवले आणि भावाला नियम घालून दिले. "टोपण कधी रिकामं ठेवायचं नाही. पोटात नाणं असलं की कडा चेपत नाही. किल्ल्यांच्या खिशात टाकायचं नाही. टेबलावर आधी रुमाल, मग नाणं. प्रयोग झाला की घाम पुसायचा, पण घासायचं नाही. बाकीची तीन मळकी आणि हे एकटंच नवरदेवासारखं चमकायला लागलं, तर लोक नेमकं तिकडंच बघतील."

आणि लोकांपासूनही ती नाणी जपायला लागायची. एका प्रयोगात पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ उठला, "बघू, बघू" करत टोपणाला हात घालणार, एवढ्यात मागून किंकाळी आली. ताई बेशुद्ध पडली होती. सगळं सभागृह तिच्याकडं धावलं. स्टेजवरचे नटसुद्धा इतके छान पडत नाहीत. पाणी मारल्यावर तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य टाकलं, "नाणी कुठायत?"

प्रोफेसर अडुसष्टचा झाला. जुन्या कामगारांच्या मंडळात दरवर्षी त्याचा खेळ व्हायचा, यंदाचा तिसावा. त्याआधी सरावासाठी म्हणून तो नाणी घेऊन गेला होता. शनिवारी खेळ, आणि गुरुवारी दुपारी तो मागच्या दारातून आत आला, धाडकन स्टुलावर बसला.

"टोपण घट्ट झालंय गं ताई. आरशापुढं तीनदा अडकलं. शनिवारी लोकांसमोर असं झालं ना, तर मी परत स्टेजवर पाय ठेवणार नाही. सांगून ठेवतो."

"झाली तुझी नाटकं सुरू! बिस्किट खा आधी."

तिनं रुमाल पसरला, भिंग डोळ्याला लावलं. टोपण सरकवून पाहिलं. लोण्यासारखं सरकलं. ते सांगायला तिनं मान वर केली, आणि प्रोफेसर बिस्किट उचलताना तिला दिसला. दोन्ही पंजांत धरून उचलत होता. उजवा अंगठा काडीसारखा ताठ.

ताईनं भिंग परत डोळ्याला लावलं. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण लावलं.

कवळी बसवलेला प्रत्येक म्हातारा तिला आत निरोप धाडायचा, "कवळी सैल झाली." कवळी कशाची सैल होते? हिरड्या झिजतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिनं बाहेर जाऊन एका आजोबांना हे तोंडावर सांगितलं होतं. आजोबा कवळी खिशात घालून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत, उरलेलं आयुष्य म्हणे पेजेवर काढलं. तेव्हापासून तिचं उत्तर ठरलेलं होतं, दोष कवळीचाच.

"नाणंच जरा फुगलंय," ताई म्हणाली. "ठेवून जा."

"मी म्हटलं नव्हतं?" प्रोफेसरचा चेहरा उजळला. मग तो घुटमळला. "पण नाणी फुगतात का गं?"

"दमट हवेत. तू जादूतला, मी धातूतली. जा आता."

टोपणाला तिनं हातही लावला नाही, ते पुन्हा मिळणारं नव्हतं. आतल्या साध्या नाण्याची कड झिजवायची होती, पण किती? कमी झिजवली तर अंगठा अडणार. जास्त झिजवली तर भर सभागृहात टोपण खणकन खाली. भावाचा अंगठा काही मागून घेता येत नव्हता. मग तिनं स्वतःच्याच अंगठ्याला चिकटपट्टीचे वेढे दिले. एक, दोन, तीन, तो जेमतेम वाकेपर्यंत. त्या अंगठ्यानं सरकवून बघायचं, बारीक घासकागदावर कड दोनदा फिरवायची, परत सरकवायचं. दिवेलागणीपर्यंत तेच. झिजलेली कड चमकायला लागली, तेव्हा शुक्रवारभर ते नाणं डाव्या मुठीत धरून, घामानं आणि धुळीनं मळवत, ती उजव्या हातानं काम करत राहिली. "ताई, हाताला काय झालं?" डॉक्टरनं विचारलं. "मूठ झाकलेलीच बरी," ती म्हणाली.

शनिवारी ती तिसऱ्या रांगेत. एरवी टाळीची सुरुवात तिची असायची, आज हात मांडीवरून हलेनात. पहिलं नाणं निघालं. दुसरं निघालं. तिसऱ्याला प्रोफेसर थबकला. लोकांना वाटलं, काय ऐटीत थांबलाय! ताईचे कान फक्त खणखणाटाकडं. अंगठा हलला. तिसरं. मग चौथं. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात शेवटी ताईनं वाजवल्या.

नंतर पडद्यामागं प्रोफेसरनं नाणी स्वतःच पुसली, टोपणात नाणं घातलं आणि घर मिटून तिच्या हातात दिलं.

"बघितलंस? खोट नाण्यातच होती."

"होय रे बाबा. नाण्यातच."

देताना त्याची नजर तिच्या अंगठ्यावर गेली. चिकटपट्टीच्या डिंकाच्या काळ्या रेघा अजून निघाल्या नव्हत्या, एकाखाली एक तीन. तो बघत राहिला. आपल्या ताठ अंगठ्यानं त्यानं त्या रेघा पुसायचा प्रयत्न केला. त्या निघाल्या नाहीत.

"ताई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी आणखी फुगेल का गं ते?"

"फुगू दे की. कागद काय संपलाय?"

"आणि तूच नसलीस तर?"

"मला काय धाड भरलीय?" ताईनं नाण्यांचं घर पर्समध्ये टाकलं आणि त्याच्यापुढं हात केला. "चल, पायऱ्या आहेत. धर मला."

त्यानं हात धरला.