नव्वद दिवसांचा नियम

“आपणास प्रवेशाचा अधिकार नाही.” माझ्याच सर्व्हरने मला दुपारी तीन वाजता असे कळवले. पासवर्ड पुन्हा टाकला. उत्तर तेच.

शेजारी चौसाळ्याची अश्विनी बसली होती. धनगर कुटुंबातली, बीएस्सी झालेली. मेंढ्यांच्या लसीकरणाची नोंद ठेवणारे ॲप तिने लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात शिबिर होते. आणि चूक नेमकी शिबिराच्या आदल्या दिवशी सापडली: दोन मोबाईल दोन वेगळ्या मेंढ्यांना एकच क्रमांक देत होते. म्हणजे एकीला दोनदा सुई, दुसरीला एकदाही नाही. चूक तिने दुरुस्त केली होती. सुधारलेले ॲप मात्र तयार होईना.

“काका, उद्या घोळ झाला तर आमचे आबा घरात पुन्हा मोबाईलचं नावबी काढू देणार न्हाईत.”

थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड कोणीही वाचावा, सुधारावा, वापरावा. तो लिहिणारे बहुधा फावल्या वेळात लिहितात; स्वतंत्र सर्व्हर त्यांनी कोठून आणायचे? म्हणून आम्ही काही जण सर्वांसाठी सामाईक सर्व्हर चालवतो. त्यांतला बिल्ड सर्व्हर कोडपासून चालते ॲप तयार करतो. गावच्या पिठाच्या गिरणीसारखे: दळण ज्याचे त्याचे, गिरणी सर्वांची.

त्या दिवशी गिरणी तुंबली होती. डिस्क भरली होती. जुन्या बिल्ड, म्हणजे आधी तयार झालेल्या ॲपच्या प्रती, काढून टाकणे, हे दहा मिनिटांचे काम. तो अधिकार दोघांनाच: मला आणि माझी जुनी सहकारी विजया हिला. विजया लग्नासाठी एसटीने पुण्याला निघाली होती. लॅपटॉप घरी. मी फोन लावला.

“माझे लॉगिन बंद आहे.”

“असणारच, सर. नव्वद दिवस तुमी लॉगिन केलं न्हाई.”

“दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली.”

“माहीत हाय. मीच डबा घेऊन आलते की.”

न वापरलेले लॉगिन म्हणजे उघडे राहिलेले दार. म्हणून नव्वद दिवसांनी ते आपोआप बंद होते. नियम माझाच. ‘अपवाद नाही’ हे वाक्यही माझेच.

“मग चालू कर.”

“मोबाईलवरून करते. पण अर्ज लागंल.”

अश्विनीने हसू लपवायला ओढणी तोंडाला लावली. मी अर्ज भरला. कारण: तातडीचे काम. लगेच फोन आला.

“नामंजूर, सर. ‘तातडीचे काम’ हे कारण न्हाई. हेच लिहून माझा अर्ज तुमी दोनदा परत केलता.”

मागून एका प्रवाशाचा आवाज आला, “बाई, कावून छळताय म्हाताऱ्याला? देऊन टाका की!”

“तुमी गप बसा हो. नियम हाय.”

मी कारण सविस्तर लिहिले; मेंढ्यांसह. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर ओळख पटवायची असते. तीही माझीच अट.

“चष्मा कुठाय, सर?”

“आता लागत नाही.”

“मग वळखू कसं? लई येगळे दिसताय.”

“विजया, वेळ वाया घालवू नकोस. हे कार्यालयीन काम आहे.”

“पटली ओळख.”

एसटीत हशा पिकला. अश्विनीने ओढणी सोडून दिली.

अधिकार मिळाला. मी डिस्क मोकळी केली. पाऊण तासात ॲप तयार झाले आणि अश्विनी चौसाळ्याच्या गाडीकडे धावली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“काका, एकबी नंबर दुबार न्हाई! आबा म्हणतेत, पुढल्या बारीला शेळ्याबी घ्या.”

“शेळ्यांसाठी आधी चाचणी करून घे,” मी सांगितले.

नियम करणाऱ्याने तो एकदा स्वतःवर चालवून पाहावा. पक्का आहे की नाही, ते कळते. हा पक्का निघाला.

पुढे विजयाने, आजारपणात नव्वद दिवसांच्या नियमातून सूट असावी, असा प्रस्ताव पाठवला. मी तो नामंजूर केला. तिने कारण सविस्तर लिहिले नव्हते.